गोचीड, शेळी आणि न दिसणारा जिवाणू : वर्गात घेतलेला एक पाठ



पावसाळ्यानंतरची गोष्ट. आठवीतली एक मुलगी तीन दिवस शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी आली तेव्हा कारण विचारलं. घरच्या तीन शेळ्यांपैकी एक मेली होती, आणि ती गाभण होती. "सर, तिच्या अंगावर गोचिड्या होत्या. पण बाकीच्या दोघींच्या अंगावर पण होत्या. मग तीच का मेली?"

मी म्हटलं, उद्या सांगतो. घरी जाऊन वाचायला बसलो आणि लक्षात आलं की हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आठवीचं 'आरोग्य व रोग', नववीचं 'जैवतंत्रज्ञानाची ओळख' आणि दहावीचं 'पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान' हे तिन्ही धडे या एका प्रश्नात येतात. त्या प्रश्नावर मी दोन तासिका घेतल्या. त्यांचीच ही मांडणी. आपापल्या वर्गात जशी जमेल तशी वापरा.

आधी पाय मोजा

सुरुवात प्रश्नानेच करा: गोचीड हा कीटक आहे का? बहुतेक मुलं 'हो' म्हणतात. मग कुणाला तरी घरून झाकणाच्या बाटलीत, स्पिरिटमध्ये बुडवलेली मेलेली गोचीड आणायला सांगा. ती मोठ्या माणसानेच, चिमट्याने काढलेली असावी. भिंगातून पाय मोजायला लावा. पाय निघतात आठ. कीटकाला सहा असतात. म्हणजे गोचीड ही माशी-डासाच्या नात्यातली नाही, कोळी आणि विंचवाच्या नात्यातली आहे.

इथे एखादा चुणचुणीत मुलगा म्हणेल, "सर, माझ्या गोचिडीला सहाच पाय आहेत." त्याला चूक म्हणू नका. अंड्यातून निघालेल्या पिलाला सहाच पाय असतात. रक्त पिऊन कात टाकली की आठ होतात, पुन्हा एकदा कात टाकली की ती पूर्ण वाढलेली गोचीड होते. अंडं, पिलू, बालगोचीड आणि प्रौढ अशा तिच्या चार अवस्था आहेत. अंडं सोडलं तर प्रत्येक अवस्थेला रक्त लागतं.

काही जातींच्या गोचिडी सगळं आयुष्य एकाच जनावरावर काढतात. काही जाती दर अवस्थेला खाली उतरतात आणि नवीन जनावर धरतात. पोट भरलेली मादी गोठ्याच्या भेगेत, दगडाखाली किंवा कुडाच्या सांदीत जाऊन हजारोंनी अंडी घालते आणि मरते. म्हणून शेळीचं अंग साफ केलं तरी आठ-पंधरा दिवसांत गोचिड्या परत दिसतात. घर त्यांचं भिंतीत असतं, शेळी ही फक्त खाणावळ!

आपल्याकडे हा विषय का घ्यायचा

आपला जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. बियाणं, पोलाद आणि मोसंबी ही त्याची ओळख. पण अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर, कुठल्याही तालुक्यातल्या वाडी-वस्तीवर गेलात तर दारात दोन-चार शेळ्या बांधलेल्या दिसतातच. बऱ्याचदा काळ्याभोर उस्मानाबादी. 2019 च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात 1 कोटीहून जास्त शेळ्या आहेत. शेळीला गरिबाची गाय म्हणतात, पण खरं तर ती गरिबाची बँक आहे. शाळेची वह्या-पुस्तकं, दवाखाना, लग्नाची खरेदी, अडीनडीला एक बोकड विकला की भागतं. म्हणून शेळी मेली की त्या घरातलं पोर शाळेत उशिरा येतं, कधी येतच नाही. आपल्या हजेरीपटाचा आणि गोठ्याचा असा थेट संबंध आहे.

गोचीड रक्त पिते, आणि काय देऊन जाते?

रक्त पिताना गोचीड आपली लाळ शेळीच्या अंगात सोडते. त्या लाळेतून रोगजंतू जाऊ शकतात. रोग असा एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे कीटक-गोचिडांसारख्या जिवांमार्फत जातो, हे पहिल्यांदा सिद्ध झालं तेच मुळी गोचिडीमुळे. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी 1893 मध्ये गुरांच्या टेक्सास तापावरचं काम प्रसिद्ध केलं. डास आणि मलेरियाचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी भारतात दाखवला तो त्यानंतर, 1897 मध्ये.

गोचिडीतून येणारे जंतू एकाच प्रकारचे नसतात. फळ्यावर दोन रकाने करा.

एका रकान्यात आदिजीव लिहा: थायलेरिया आणि बबेसिया. हे मलेरियाच्या जंतूसारखे एकपेशीय, पण जिवाणू नव्हेत.

दुसऱ्या रकान्यात जिवाणू लिहा: ॲनाप्लाझ्मा, एर्लिकिया, रिकेट्सिया. शेळ्या-मेंढ्यांमधला मुख्य म्हणजे ॲनाप्लाझ्मा ओविस. त्याचं वर्णन लेस्टोकार्ड यांनी 1924 मध्ये केलं. त्याच्या गुरांमधल्या भावंडाचं, ॲनाप्लाझ्मा मार्जिनालेचं, वर्णन आर्नोल्ड थायलर यांनी दक्षिण आफ्रिकेत 1910 मध्ये केलं होतं.

मुलं विचारतात, "जंतू ते जंतू, रकाने कशाला?" कारण औषध वेगळं आहे. ॲनाप्लाझ्मावर टेट्रासायक्लीन गटातलं प्रतिजैविक चालतं. थायलेरियावर आणि बबेसियावर वेगळी औषधं लागतात. आणि बाहेरून बघितलं तर सगळ्यांची लक्षणं जवळजवळ सारखी: ताप, खाणं कमी, डोळ्यांच्या आतला भाग पांढुरका, अशक्तपणा, दूध आटणं, कधी गाभ टाकणं. थोडा फरक असतो. बबेसियात लघवी लालसर किंवा कॉफीसारखी होऊ शकते, ॲनाप्लाझ्मात तशी होत नाही. पण तेवढ्यावर निदान करता येत नाही. शिवाय शेळीचं रक्त कमी होण्याचं कारण पोटातले जंतही असू शकतात. अंदाजाने दिलेलं इंजेक्शन लागू पडलं तर नशीब, नाही तर पैसाही जातो आणि शेळीही.

सूक्ष्मदर्शक कुठे कमी पडतो

निदानाची जुनी आणि आजही उपयोगी पद्धत म्हणजे काचपट्टी. कानाच्या टोकातून रक्ताचा थेंब घ्यायचा, काचेवर पातळ पसरायचा, गिम्सा रंगाने रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. ॲनाप्लाझ्मा तांबड्या पेशीच्या कडेला जांभळट ठिपक्यासारखा दिसतो. शेळी ऐन तापात असेल तर काचपट्टीवर तो सापडतो. ही पद्धत स्वस्त आहे आणि लवकर होते. तिला कमी लेखायचं कारण नाही.

पण अडचणी तीन आहेत.

पहिली, शेळीची तांबडी पेशी फार लहान असते. माणसाच्या पेशीचा व्यास साधारण 7 मायक्रॉन, शेळीचा त्याच्या जेमतेम निम्मा. त्या पेशीतला ठिपका म्हणजे राईच्या दाण्यावरची धूळ. रंगाचा कण आहे की जिवाणू, हे ओळखायला सरावलेली नजर लागते.

दुसरी, ठिपका दिसला तरी तो नेमका कुठल्या जातीचा हे नुसत्या दिसण्यावरून खात्रीने सांगता येत नाही. कितीतरी वर्षं ॲनाप्लाझ्माला आदिजीवच समजत होते! तो रिकेट्सियाच्या गणातला जिवाणू आहे हे नंतर कळलं, आणि त्याच्या कुळाची आजची मांडणी तर जनुकांची तुलना करून 2001 मध्ये झाली.

तिसरी अडचण सगळ्यात महत्त्वाची. शेळी बरी झाली तरी ॲनाप्लाझ्मा तिच्या रक्तातून पूर्ण जात नाही. थोड्या संख्येने टिकून राहतो. शेळी चरते, दूध देते, पिल्लं देते, आणि तिचं रक्त प्यायलेली गोचीड तो जंतू दुसऱ्या शेळीपर्यंत नेऊ शकते. अशा शेळीला वाहक म्हणतात. तिच्या रक्तात जंतू इतके विरळ असतात की काचपट्टीवर शेकडो पेशी बघितल्या तरी एकही दिसणार नाही.

मग प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून बघू या? तेही जमत नाही. हा जिवाणू फक्त जिवंत पेशीच्या आत वाढतो. दही लावल्यासारखा बशीत वाढवता येत नाही.

मग रेणू शोधायचा

इथे येते ती रेणवीय चाचणी. जिवाणू दिसत नसला तरी त्याचा डीएनए रक्तात असतो. तो शोधायचा. यासाठीची पद्धत म्हणजे पीसीआर. करोनाच्या काळात नाकात काडी घालून जी चाचणी झाली ती आठवते ना, तिच्यातही हीच पद्धत होती. कॅरी मुलिस यांना ही कल्पना 1983 मध्ये सुचली आणि 1993 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

वर्गात ती अशी सांगा.

पायरी 1. नमुना. शेळीच्या मानेतल्या शिरेतून पशुवैद्यक थोडं रक्त घेतात. ते जांभळ्या झाकणाच्या नळीत ठेवतात. त्या नळीत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. नळी थंड ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात.

पायरी 2. डीएनए वेगळा करणं. पेशी फोडायच्या, प्रथिनं वगैरे धुऊन काढायची. हाती येतो तो सगळा डीएनए. शेळीच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, पण पांढऱ्या पेशीत असतं. म्हणून त्यात बहुतांश डीएनए शेळीचाच असतो, जिवाणूचा असलाच तर चिमूटभर.

पायरी 3. नेमका तुकडा पकडणं. हजार पानांच्या पुस्तकात एकच ओळ शोधायची आहे. त्या ओळीच्या आधीचा आणि नंतरचा शब्द आपल्याला माहीत आहे. तसे डीएनएचे दोन छोटे तुकडे बनवतात, त्यांना प्रायमर म्हणतात. ते फक्त जिवाणूच्या त्या ओळीलाच जाऊन चिकटतात, शेळीच्या डीएनएला नाही. सर्व जिवाणूंमध्ये असणारं 16 एस नावाचं जनुक यासाठी खूप वापरतात. ॲनाप्लाझ्मा ओविस ओळखायला एमएसपी 4 हे जनुकही वापरतात.

पायरी 4. दुप्पट, दुप्पट, दुप्पट. यंत्र मिश्रण 95 अंशांच्या आसपास तापवतं, डीएनएच्या दोन साखळ्या सुटतात. मग ते 50 ते 60 अंशांच्या दरम्यान थंड करतं, प्रायमर चिकटतात. मग 72 अंशांना विकर नवी साखळी विणतं. एका फेरीत एकाचे दोन होतात.

इथे एक चांगला प्रश्न येतो. 95 अंशांना विकर शिजून का जात नाही? कारण ते ज्या जिवाणूकडून घेतलं, तो अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांत राहतो. थॉमस ब्रॉक यांना तो 1960 च्या दशकात सापडला. अशा कठीण जागी राहणाऱ्या सूक्ष्मजीवांसाठी मुलांना फार लांब न्यायला नको. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं, ते खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळेच.

पायरी 5. तपासणं. तयार झालेला डीएनए जेलमध्ये घालून विजेचा प्रवाह सोडतात. डीएनए ऋणभारित असल्याने धन टोकाकडे सरकतो, लहान तुकडा जास्त पुढे जातो. अपेक्षित जागी पट्टा दिसला तर जिवाणूचा डीएनए होता. त्या तुकड्यातला अक्षरक्रम वाचला की जातही कळते.

यंत्राशिवाय वर्गात करण्याचा खेळ: वर्तमानपत्राचा कागद घ्या आणि घड्या घालत जा. 1, 2, 4, 8. सहा-सात घड्यांनंतर हात थांबतात, तोवर 64 किंवा 128 थर झालेले असतात. आता वहीत पुढे जा. 10 फेऱ्यांनंतर 1,024. 20 फेऱ्यांनंतर 10,48,576. 30 फेऱ्यांनंतर 107 कोटी 37 लाख 41 हजार 824. एका तुकड्याचे इतके! घातांक कशाला शिकायचे असं विचारणाऱ्या मुलांना याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही

हा भाग घाईत सोडू नका. माझ्या मते खरा पाठ इथेच आहे.

चाचणी 'आहे' म्हणाली, म्हणजे जिवाणूचा डीएनए त्या रक्तात आहे. शेळी त्याच्यामुळेच आजारी आहे, असं त्यावरून आपोआप सिद्ध होत नाही. वाहक शेळीला जंतही झालेले असू शकतात. लक्षणं, काचपट्टी, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि पीसीआर एकत्र ठेवून निदान होतं, आणि ते पशुवैद्यकाने करायचं असतं.

चाचणी 'नाही' म्हणाली, तरी नमुना उन्हात खराब झाला असेल किंवा जंतू फारच विरळ असतील, ही शक्यता उरते.

गोचिडीच्या पोटात जिवाणूचा डीएनए सापडला, म्हणजे ती गोचीड तो पसरवतेच असंही नाही. तिने नुकतंच वाहक शेळीचं रक्त प्यायलेलं असू शकतं.

आणि प्रयोगशाळेलाही स्वतःवर विश्वास ठेवून चालत नाही. प्रत्येक वेळी एका नळीत नुसतं पाणी घालतात आणि एका नळीत नक्की जिवाणू असलेला नमुना. पाण्याच्या नळीत पट्टा दिसला तर कुठेतरी भेसळ झाली, त्या वेळचे निकाल रद्द. "स्वतःची चूक पकडायची सोय आधीच करून ठेवणं, याला विज्ञान म्हणतात," असं मी मुलांना सांगितलं.

वाहक जनावरं निरोगी दिसतात म्हणून त्यांना काहीच त्रास नसतो, असंही समजू नये. महाराष्ट्रातल्या गाईंवर याचा अभ्यास झाला आहे. नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांचा सहभाग असलेला तो अभ्यास 2017 मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात आला. पीसीआरने त्यांनी गोचिडीतून येणारे जंतू शोधले, आणि वाहक असण्याची झळ संकरित गाईंना देशी गाईंपेक्षा जास्त बसते असं त्यांना आढळलं. तो अभ्यास गाईंचा आहे, शेळ्यांचा नाही. पण वरून ठीक दिसणारं जनावर आतून किंमत मोजत असतं, ही गोष्ट शेळी पाळणाऱ्यानेही लक्षात ठेवावी.

घरी काय करायचं (पालकांसाठी)

- गोचीड बोटांनी चिरडू नका, मुलांना तर अजिबात करू देऊ नका. तिच्या अंगातले काही जंतू माणसालाही बाधतात. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाका.
- गोठ्याच्या भेगा बुजवा, चुना लावा, शेण-कचरा लांब ठेवा. अंगावरच्या उपायाइतकाच हा उपाय गरजेचा आहे.
- शेतातलं फवारणीचं औषध शेळीच्या अंगावर मारू नका. त्याने विषबाधा होते. गोचिडीचं औषध आणि त्याचं प्रमाण पशुवैद्यकाला विचारूनच.
- एकाच सुईने सगळ्या शेळ्यांना इंजेक्शन देऊ नका. सुईला लागलेल्या रक्तातून ॲनाप्लाझ्मा एकीकडून दुसरीकडे जातो, तिथे गोचिडीचीही गरज नसते.
- बाजारातून आणलेली शेळी लगेच कळपात सोडू नका. तीन आठवडे वेगळी बांधा, गोचिड्या काढा.
- गाभ टाकला तर जार-वार उघड्या हाताने उचलू नका, मुलांना लांब ठेवा. गोचिडीतही आढळणारा कॉक्सिएला नावाचा जिवाणू अशा वेळी मोठ्या संख्येने बाहेर पडतो आणि श्वासातून माणसाला क्यू ताप देतो. नेदरलँडमध्ये 2007 ते 2010 या काळात शेळ्यांकडून पसरलेल्या या तापाने 4,000 हून जास्त माणसं आजारी पडली.
- शेळी मलूल दिसली की जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा 1962 या क्रमांकावर फोन करा. इंजेक्शन देण्याआधी रक्त किंवा काचपट्टी घेता येईल का, एवढं जरूर विचारा. औषध दिल्यावर जंतू आणखी विरळ होतात, मग सापडणं अवघड. पशुवैद्यकीय महाविद्यालयही आपल्याला लांब नाही, शेजारच्या परभणीतच आहे.

स्वाध्याय

1. गोचीड कीटक का नाही? दोन कारणं लिहा.
2. तुमच्या वाडीतल्या पाच घरी विचारा: गोचिड्या कोणत्या महिन्यांत जास्त दिसतात? तक्ता करा.
3. 5 तुकड्यांपासून सुरुवात केली तर 10 फेऱ्यांनंतर किती तुकडे होतील?
4. पाण्याच्या नळीतही पट्टा दिसला. प्रयोगशाळेने काय करावं? का?
5. 'शेळी धडधाकट आहे, म्हणजे तिच्यात जंतू नाही.' हे विधान बरोबर की चूक, सकारण सांगा.

त्या मुलीच्या प्रश्नाचं काय झालं?

दुसऱ्या तासिकेच्या शेवटी तिने पुन्हा विचारलं, "म्हणजे आमची शेळी ॲनाप्लाझ्मानेच मेली का सर?"

मी म्हटलं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. ती जिवंत असताना तिचं रक्त कुणी तपासलं नाही. तिघींना गोचिड्या असून एकच मेली, याची कारणं बरीच असू शकतात. ती गाभण होती, अंगात ताकद कमी होती, जंत असतील, किंवा उरलेल्या दोघी आधीच आजारातून उठून वाहक झाल्या असतील. विज्ञानात 'माहीत नाही' म्हणायला लाजायचं नसतं. पण उरलेल्या दोघी दारात आहेत, त्यांचं अजून कळू शकतं.

ती काही बोलली नाही. त्या आठवड्यात तिच्या वडिलांनी दोन्ही शेळ्या दवाखान्यात दाखवल्या आणि काचपट्टीसाठी रक्त देऊन आले. सोमवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी तिने मला हे सांगितलं, आणि वर हेही की डॉक्टरांना तिने स्वतः विचारलं होतं: "सुई नवीन आहे ना?"